यादीतला पलंग

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, लातूरच्या न्यायालयात माझ्या धाकट्या बहिणीचा घटस्फोट मंजूर झाला. लग्नाला साडेसात वर्षं झाली होती. मूल नव्हतं. संमतीच्या अटींना जोडलेल्या परिशिष्टात नोंद आहे की पत्नीला एक लाकडी पलंग, एक लोखंडी कपाट, एक फ्रीज आणि इतर घरगुती साहित्य मिळालं. पलंग, कपाट आणि फ्रीज या वस्तू तिला कधी दिल्याच गेल्या नव्हत्या. जिच्यावरून सगळी घासाघीस झाली ती पिठाची गिरणी परिशिष्टात नाही.

ते परिशिष्ट ज्या कागदावरून तयार झालं, तो कागद माझ्या अक्षरात आहे.

मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. तालुक्यांच्या वार्ताहरांच्या बातम्या माझ्याकडे येतात. पहिल्या आठवड्यात मला शिकवलेला नियम साधा होता: स्वतः पाहिलं असेल तर लिहा, ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा, दोन्ही नसेल तर काढून टाका. हा नियम मी पुढे बऱ्याच जणांना शिकवला. बहिणीच्या लग्नाची यादी लिहिली तेव्हा मला या नोकरीत सहा वर्षं झाली होती.

आमच्याकडे लग्न ठरलं की यादी होते. दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, पाटावर कोरा कागद ठेवून त्याला हळदकुंकू लावतात, आणि कोण काय देणार ते ओळीनं लिहितात. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. एक प्रत त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. लिहायला घरातला चांगल्या अक्षराचा माणूस बसतो. आमच्या घरात तो मी होतो.

बैठक उमरीला आमच्या घरी होती. लातूरहून दोन गाड्या आल्या. त्यांचं गाव लातूरपासून अर्ध्या तासावर. मुलगा काळीपिवळी जीप चालवायचा. त्यांच्याकडून बोलत होते मुलाचे चुलते. मुलाचे वडील शेजारी बसून मान हलवत होते. आमच्याकडून वडील. ते धर्माबादच्या बाजारात मापाडी होते, आडतीवर आलेला माल मोजणारे. बोलायला कमी. पण मापात किलोभर इकडंतिकडं झालं तर आडत्याशीही भांडायचे.

गिरणीचं आधीच ठरलं होतं. मुलाच्या वडिलांना आमच्या वडिलांनी महिनाभर आधी सांगितलं होतं की पलंग, कपाट, फ्रीज देणार नाही, त्याऐवजी गिरणी देईन. बहीण बारावी झाली होती आणि शाळेच्या सुट्ट्यांत शेजारच्या गिरणीवर बसायची. तिला दगड बसवता यायचा. वडील म्हणाले होते, "पलंगावर निजून पोट भरत न्हाई." मुलाच्या वडिलांना ते पटलं. त्यांच्या घरी पलंग होता, कपाट होतं, गावात गिरणी एकच होती आणि तीही जाडं दळायची.

यादीवर भांडी, कपडे, दोन तोळ्यांच्या पाटल्या, जेवणावळीचा खर्च असं लिहून झालं. मी विचारलं, "पुढं गिरणी लिहू?"

चुलत्यांनी हात वर केला. "थांबा पाव्हणं. गिरणी लिव्हू नका."

"देणार तर हाय की," आमचे वडील म्हणाले.

"द्या की. न्हाई कोन म्हनतंय? पर यादी चार लोकात वाचली जाती. लोक म्हनतील पोरगं रिकामं हिंडत हुतं, सासऱ्यानं धंद्याला लावलं. आमच्या धाकट्या पोरीची सोयरीक हुयाची हाय अजून. आपलं सरळ पलंग, कपाट, फ्रीज लिव्हा. सगळे लिव्हतेत."

"जे देणार ते लिवावं," वडील म्हणाले.

"ओ मापाडी, लगीन हाय हे. तुमचा काटा न्हाई."

सगळे हसले. वडीलही थोडं हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. एक लाकडी पलंग, एक लोखंडी कपाट, एक फ्रीज. दोन्ही प्रतींवर. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि चहा आला.

गिरणी नांदेडहून घेतली. सोळा इंची दगड, साडेसात एचपीची मोटर. पावती करताना दुकानदारानं विचारलं कुणाच्या नावानं करू. थ्री फेज मीटर मुलाच्या नावावर होणार होतं, म्हणून पावतीही त्याच्या नावानं झाली. त्या दिवशी मी बरोबर होतो. मला त्यात काही खटकलं नाही.

लग्नानंतर पंधरा दिवसांत गिरणी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बसली. बहीण सकाळी साडेसातला ती चालू करायची. आधी ज्वारी, मग गहू, सगळ्यात शेवटी हरभरा, म्हणजे कुणाच्या भाकरीला डाळीचा वास लागत नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी सगळी गिरणी झाडून पुसून फक्त भगर आणि राजगिरा. दगडाची धार बोथट झाली की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या. पहिली काही वर्षं अहमदपूरकडून एक म्हातारा टाकीवाला यायचा. त्याचं येणं बंद झाल्यावर ती स्वतः लावायला लागली. तिसऱ्या वर्षी वडील गेले. त्याआधी ते दोनदा तिच्याकडे जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा दिवसभर गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, असं ती सांगते.

पाचव्या वर्षी गावातल्या बचत गटातून कर्ज काढून मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. कल्पना नवऱ्याची होती. कर्ज तिच्या नावावर होतं, कारण गटात सभासद ती होती.

ते वेगळे का झाले, याबद्दल याचिकेत "स्वभाव जुळले नाहीत" एवढंच आहे. दोघांनी त्यावर सही केली आहे. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही. घटस्फोटाच्या आदल्या वर्षी, गुढीपाडवा झाल्यावर, ती दोन पिशव्या आणि छिन्न्यांचा डबा घेऊन उमरीला आली. छिन्न्या कशाला आणल्या, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तिथं कुणाच्या कामाच्या हायेत?"

नवऱ्यानं डिसेंबरात लातूरला अर्ज केला. आम्ही लातूरमध्येच वकील केला. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. पहिल्या भेटीत बहिणीनं विचारलं, "निम्मं मिळतं का हो, साहेब?"

"सिनेमात," वकील म्हणाले. "आपल्याकडं निम्मं-निम्मं असं काही नाही, बाई. जे ज्याच्या नावावर ते त्याचं. दोघांच्या नावावर असेल तर दोघांचं. पोटगी वेगळी, ती मागता येते. आणि लग्नात तुम्हाला म्हणून जे मिळालं ते स्त्रीधन, ते तुमचंच, त्यात वाटणी नाही. तुम्हाला काय पाहिजे?"

"गिरणी."

"आणि?"

"गिरणीच."

"पोटगी?"

"गिरणी आली तर माझी मी भागवते."

"कोणी दिली?"

"बापानं."

"मग झालं की. पावती?"

"त्यांच्या नावावर."

"मीटर?"

"त्यांच्याच."

"यादी केली होती ना?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून आमची प्रत काढून दिली. घडीवर ती फाटायला आली होती. वकिलांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "यात गिरणी कुठं आहे?"

मी घडलेलं सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तुम्ही पेपरात असता ना?"

"हो."

त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

मी म्हणालो, मी शपथेवर सांगतो. पलंग, कपाट, फ्रीज खोटं लिहिलं होतं, खरी गिरणी दिली.

"सांगा," ते म्हणाले. "मग समोरचा वकील विचारेल, ह्या यादीत अजून काय काय खोटं आहे? पाटल्या लिहिल्यात. त्या खऱ्या का?"

"खऱ्या. सासूबाईंच्या कपाटात हायेत," बहीण म्हणाली.

"तुम्ही म्हणता खऱ्या. तुमचेच बंधू म्हणतात यादी खोटी. यादी एक तर सगळी धरायची, नाही तर सगळी सोडायची. तीन ओळी चुकल्या आणि चौथी बरोबर, असं नाही ऐकून घेत कोणी."

परत येताना बस अहमदपूरला थांबली. मग तिनं पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली. "दादा, पेपरात तू दुसऱ्याच्या बातम्या कापतोस म्हनं. मग तेवढ्या तीन ओळी कामून नाय कापल्यास?"

मी म्हणालो, बाबांनी सांगितलं म्हणून.

"हाव. बाबांनी सांगितलं," ती म्हणाली, आणि शेंगदाणे खायला लागली.

न्यायालयानं दोघांना समुपदेशनाला पाठवलं. पहिली बैठक संक्रांतीनंतर झाली. लहान खोली, टेबल, पाच खुर्च्या. समुपदेशक बाई निवृत्तीला आलेल्या असाव्यात. एकत्र राहण्याची शक्यता आहे का, हा प्रश्न त्यांनी दोघांना वेगवेगळा विचारला. दोघांनी नाही म्हटलं. मग नातेवाइकांना आत घेतलं. त्यांच्याकडून चुलते आले, आमच्याकडून मी. आमचे जावई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांना दीड वर्षानं पाहत होतो. वजन कमी झालं होतं.

चुलते म्हणाले, "मॅडम, यादी दोगांकडं हाय. यादीपरमानं करा. आमी यादीच्या भायेर न्हाई."

बाईंनी बहिणीला विचारलं, "गिरणी कोण चालवायचं?"

बहिणीनं डावा हात टेबलावर ठेवला. बोटांच्या मागे आणि मनगटापर्यंत बारीक काळे ठिपके होते. टाकी लावताना छिन्नीच्या लोखंडाचे कण उडून कातडीत बसतात. ते निघत नाहीत. बाईंनी बराच वेळ हात पाहिला. "हे मी लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण दिसलं मला."

त्या बैठकीत एवढंच झालं.

मधल्या दिवसांत कर्जाचा प्रश्न निघाला. कांडपाचं यंत्र नवऱ्याच्या घरी होतं, हप्ते मात्र बहीण उमरीहून भरत होती. तिथे ती शेजारच्याच जुन्या गिरणीवर मजुरीनं बसत होती. वकिलांनी मसुद्यात सोपं कलम टाकलं: यंत्र पतीकडे, उरलेलं कर्ज पतीनं फेडायचं. चुलत्यांनी ते मान्य केलं. त्या रात्रीच्या अंकासाठी माझ्याकडे तशीच एक बातमी आली होती, "कर्जाची जबाबदारी पतीवर". मी ती एका कॉलमात बसवली. आमचंही तसंच होईल असं मी धरून चाललो.

ते कलम टिकलं नाही. बहीण गटाच्या अध्यक्षबाईंना सांगायला सासरच्या गावात गेली, मी सोबत होतो. अध्यक्षबाई अंगणात वाळवणाला बसल्या होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कोर्टानं काय बी लिव्हू दे," त्या म्हणाल्या. "आमच्या कागदावर सही तुजी हाय. त्याची न्हाई. उद्या त्यानं न्हाई भरलं तर आमी धा बाया त्याच्या जीपीमागं पळावं का?"

"न्यायालयाचा आदेश असेल," मी म्हणालो.

"तुमचा आदेश तुमच्या दोगांत, दादा. आमी कुठं कोर्टात आलो हुतो? कर्ज हिला दिलंय, हिच्याकडं बगून दिलंय." मग बहिणीकडे वळून, "तू मशीनच घेऊन जा. पैसा बी तूच फेड. तुज्या हातात असलं तर फिटल. त्याच्या हातात गेलं तर मिरची बी जाईल आन आमची पत बी."

वकिलांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, बाई बरोबर बोलतात. नवरा-बायकोनं आपसात काही ठरवलं तरी कर्ज देणाऱ्याला ते बांधत नाही. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं, असंही ते म्हणाले. मीही विचारायला पाहिजे होतं.

दुसरी बैठक होळीच्या आधी झाली. तीच खोली, तीच माणसं. कांडप आणि कर्ज दोन्ही बहिणीकडे जाणार म्हटल्यावर चुलते लगेच हो म्हणाले.

"घेऊन जा. मशीन बी, कर्ज बी. आमचं काय म्हननं न्हाई. पर गिरणी यादीत न्हाई."

"काका, यादीत काय काय हाय?" बहिणीनं विचारलं.

"तुज्या भावाच्या अक्षरात हाय. वाच."

"तुमी सांगा की. लिव्हून तुमीच घेतलं हुतं."

चुलत्यांनी खिशातून त्यांची प्रत काढली. ती नव्यासारखी होती, प्लास्टिकच्या पाकिटात. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "एक लाकडी पलंग. एक लोखंडी कपाट. एक फ्रीज."

"ते माझं स्त्रीधन हाय ना, मॅडम?"

बाई म्हणाल्या, यादीत असेल आणि दोन्हीकडच्या सह्या असतील तर हो.

"मग तेवढं द्या," बहीण म्हणाली. "पलंग द्या. मी आजच टेम्पो सांगते."

चुलत्यांनी कागदाची घडी घातली. "पलंग काय, पलंग घ्या की. घरात दोन हायेत."

"दोन तुमचे. माझ्या बापानं दिलेला द्या. सागवानी हुता का बाभळीचा, ते बी सांगा."

 मग कोपऱ्यातून आवाज आला. जावई हसले होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं तसे ते थांबले, आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "कुठून देऊ? आलाच न्हाई तर."

"काय आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"पलंग. कपाट बी न्हाई. फ्रीज मीच घेतला नंतर, हप्त्यावर."

"मग काय आलं होतं?"

चुलते म्हणाले, "तू गप."

"गिरणी आली हुती," जावई म्हणाले. "आता लपवून काय करता, काका? बंद पडून हाय ती. ही गेल्यापासून दगडाला कुनी हात लावला न्हाई. तुमी लावता का टाकी?"

बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, की खोलीत बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही. ते तिथंच राहतं. मी म्हणालो, पण आता ते सगळ्यांनी ऐकलं आहे. "हो," ते म्हणाले, "म्हणून आता सौदा होईल."

सौदा त्याच दिवशी, न्यायालयाच्या आवारात, चहाच्या टपरीशेजारी झाला. चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली होता.

"पाव्हणं, गिरणी न्या. पर दोन गोष्टी. पाटल्या आमच्याकडं राहू द्या. धाकट्या पोरीचं लगीन आखजीच्या मुहूर्तावर काढलंय, नवं सोनं परवडत न्हाई."

"आणि दुसरी?"

"कागदावर गिरणी नगं. पोरीच्या सासरचे कोर्टाचा कागद मागून बगतील, आजकाल बगतेत. तिथं लिव्हलेलं दिसलं की पोरीचा भाऊ सासऱ्याच्या गिरणीवर जगला, तर काय ऱ्हाईल? यादीत हाय तसंच लिव्हा."

"पलंग मिळाला म्हणून?"

"मिळाला म्हनून."

मी म्हणालो, बहिणीला विचारतो. ती दहा पावलांवर उभी होती. पाटल्यांचं मी तिला सांगितलं. त्या आईच्या होत्या. आईनं त्या लग्नाच्या सकाळी स्वतःच्या हातातून काढून तिच्या हातात घातल्या होत्या. हे मला माहीत होतं. चुलत्यांनाही असणार, ते मांडवातच होते.

"पाटल्या दळत न्हाईत," ती म्हणाली. "देऊन टाक."

"आणि कागद?"

"कागदाचं तू बघ. पर आधी गिरणी टेम्पोत, मग माझी सही."

गिरणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हलवली. मी रजा काढून गेलो होतो. सकाळी नऊला टेम्पो गावात पोचला. जमिनीतले बोल्ट गंजले होते, ते कापावे लागले. बहिणीनं आधी पट्टा काढला, मग वरचा दगड मोकळा केला आणि पोत्यात गुंडाळला. मोटरसकट सांगाडा उचलायला सहा माणसं लागली. त्यात जावईही होते. त्यांनी मोटरकडची जड बाजू धरली. तिनं त्यांना "पाय बघा" एवढंच म्हटलं. गिरणी निघाली तिथे फरशीवर चार भोकं आणि पिठाचा पांढरा चौकोन राहिला. नंतर कांडपाचं यंत्र चढवलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. सगळं चढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता आमी दळण कुठं न्यावं?"

"गावात दुसरी हाय की, आत्याबाई."

"ती जाडं दळते."

बहीण टेम्पोत चढली होती. ती खाली वाकून म्हणाली, "त्या गिरणीवाल्याला सांगा टाकी लाव म्हनून. दगड चांगला हाय त्याचा, हात आळशी हाय."

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या कार्यालयात संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा तयार होता. पोटगीचा दावा सोडला. कांडपाचं यंत्र आणि गटाचं कर्ज पत्नीकडे. सोन्याबाबत कोणतीही तक्रार नाही. परिशिष्ट टंकलेखकानं यादीवरून जसंच्या तसं उतरवलं होतं, शेवटी "इतर घरगुती साहित्य" हे शब्द वकिलांनी घातले होते. सह्या होण्याआधी ते मला म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. एकदा नजरेखालून घाला. चुका राहतात."

मी पूर्ण वाचलं. दोन ठिकाणी आडनाव चुकलं होतं, एका ठिकाणी गावाचं नाव. त्या तीन दुरुस्त्या मी शाईनं केल्या. पलंग, कपाट, फ्रीज या ओळींवर मी थांबलो. पेन हातात होतं. त्या ओळी काढल्या तर चुलते सही करणार नव्हते. न काढता दिल्या तर बहीण न मिळालेल्या वस्तू मिळाल्या म्हणून सही करणार होती. मी कागद तिच्याकडे सरकवला आणि त्या ओळींवर बोट ठेवलं.

तिनं त्या वाचल्या. "ह्याच्यानं गिरणी माघारी जाती का?"

"नाही," वकील म्हणाले. "तुमच्या ताब्यात आहे, ते लिहून देतायत की साहित्याबद्दल त्यांचा काही दावा नाही."

"मग राहू दे. तो पलंग आमच्या घरचाच हाय, दादाच्या अक्षरातला," ती म्हणाली, आणि सही केली.

त्यानंतर कायद्यानं सहा महिने थांबायचं होतं. त्या काळात उमरीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सिमेंटचा ओटा झाला. थ्री फेजच्या जोडणीसाठी अर्ज केला. या वेळी अर्ज, ठेव, मीटर सगळं तिच्या नावानं. खोली आईच्या नावावर होती, म्हणून आईचं संमतिपत्र लागलं. ते मी लिहिलं. लिहिण्यापूर्वी खोलीची लांबी-रुंदी टेपनं मोजली. आई म्हणाली, "एवढं काय मोजतोस, खोली कुठं पळून चालली?" बहीण आतून म्हणाली, "मोजू दे त्याला."

जोडणी यायला चार महिने लागले. तोवर दगड भिंतीला टेकून उभे होते. तिनं दोन्ही दगडांना टाकी लावून ठेवली. जोडणी श्रावणात आली. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी न्यायाधीशांनी दोघांना, सही तुमचीच का आणि अटी मान्य आहेत का, एवढं विचारलं. दोघांनी हो म्हटलं. बाहेर चुलते भेटले. धाकट्या पुतणीचं लग्न झालं होतं. ते म्हणाले, "चांगलं झालं, वेळेत झालं." जावयांनी बहिणीला विचारलं, "चालू हाय का?" ती म्हणाली, "हाय." एवढंच बोलणं झालं. ते त्यांच्या जीपकडे गेले, आम्ही बसस्थानकाकडे.

गटाचं कर्ज यंदा मार्चमध्ये फिटलं. अध्यक्षबाईंनी फोन करून कळवलं आणि बेदाण्याचा डबा पाठवला. कांडप उन्हाळ्यात चालतं, एरवी झाकून असतं.

यादीची आमची प्रत माझ्याकडे आहे, नांदेडला, टेबलाच्या खणात. हुकूमनाम्याची प्रत बहिणीकडे आहे.

मागच्या रविवारी मी उमरीला होतो. गिरणी सकाळी पावणेआठला सुरू झाली. ओट्यावर अकरा डबे होते: सात ज्वारीचे, तीन गव्हाचे, एक हरभऱ्याचा. हरभऱ्याचा डबा तिनं उचलून रांगेच्या शेवटी ठेवला.